मदत हवी आहे: 'गनपावडर'ला दारू म्हणावं की बारूद?

मंडळी, लष्करी इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय आणि एका शब्दापाशी अडलोय. पहिल्या झपाट्यात सगळीकडे 'दारू' लिहून मोकळा झालो. मग वाचून पाहिलं तर 'वेढा लांबला आणि सैन्याची दारू संपली'! 'दारूगोळा' म्हटलं तर गोळेही आले, मला नुसती भुकटी हवी आहे. 'बारूद' कानाला हिंदी वाटतं. 'बंदुकीची दारू' चालली असती, पण लेखाची सुरुवात अकराव्या शतकातल्या चीनपासून आहे. तेव्हा बंदूक कुठली?

शोधताना कळलं की फारसीत 'दारू' म्हणजे औषध. आपल्या 'दवादारू'त तो अर्थ अजून टिकून आहे. चिनी नाव 'हुओयाओ', म्हणजे आगीचं औषध. स्फोटकाला औषध का म्हणायचं? आणि 'देवदार'मधला 'दारु' हाच का?

प्रतिसाद १: शेवटचं आधी. तो संस्कृत 'दारु', म्हणजे लाकूड. त्याचा इथे संबंध नाही.

औषध अशासाठी की सोरा (पोटॅशियम नायट्रेट हा क्षार) आणि गंधक ही दोन्ही चिनी वैद्यांची औषधं होती. अमर होण्याचं रसायन शोधणाऱ्या ताओपंथीयांच्या खटाटोपातून हे मिश्रण निघालं. गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं एक खनिज) आणि सोरा मधात घालून तापवल्यावर हात-तोंड भाजलं, घरही जळालं, अशी ताकीद त्यांच्या एका जुन्या ग्रंथात आहे. अमरत्व राहिलं बाजूला! लष्करी वापराच्या कृती १०४४ च्या 'वुजिंग झोंगयाओ' या चिनी युद्धग्रंथात येतात.

'बारूद'ही औषधांच्याच कपाटातला. अरबीत तो आधी नुसत्या सोऱ्याला म्हणत. तेराव्या शतकातल्या इब्न अल-बैतार या अरबी लेखकाच्या औषधकोशात तो त्याच अर्थाने आहे. पुढे नाव मिश्रणाला चिकटलं. मिश्रणात सोराच साधारण ७५ टक्के, बाकी कोळसा नि गंधक, त्यामुळे नवल नाही.

प्रतिसाद २: उलटा प्रकार इंग्रजीत आहे. भुकटी बंदुकीहून जुनी, पण नाव बंदुकीवरून. आणि 'गन' बहुधा गुनिल्डा या बाईच्या नावावरून आला. १३३० च्या सुमारास विंडसर किल्ल्याच्या यादीत त्या नावाचं एक अस्त्र आहे, तेही बाण फेकणारं!

धागाकर्ता: आभार. चीनच्या भागात पहिल्यांदा 'सोरा-गंधक-कोळशाची दारू' लिहितो, पुढे नुसती 'दारू'. वेढ्यात मात्र 'तोफांची दारू संपली'.