कुजबुज सगळ्यांना मानवत नाही

एएसएमआरचे, म्हणजे हळुवार आवाजांनी सुखद झिणझिण्या आणू पाहणारे, कुजबुजीचे व्हिडिओ ऐकून शांत वाटण्याऐवजी चिडचिड झाली, असं काही जण म्हणतात. त्यात नवल नाही. डोक्याच्या टाळूपासून मानेकडे उतरणाऱ्या त्या झिणझिण्या सगळ्यांना येतच नाहीत. शेफिल्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासातही, हे व्हिडिओ पाहताना झिणझिण्या येणाऱ्यांच्याच हृदयाचे ठोके, त्या न येणाऱ्यांच्या ठोक्यांपेक्षा जास्त मंदावले होते. तेव्हा कुजबुज सोडा, पावसाचा किंवा लाटांचा एकसुरी आवाज लावा. तो मधेच होणारे बारीकसारीक आवाज झाकतो, त्यामुळे दचकायला होत नाही. रोजच जीव घाबरा होत असेल तर मात्र आधी डॉक्टर, व्हिडिओ नंतर. आणि आवाज फाईल डाउनलोड करूनच ऐका. डोळा लागता लागता जाहिरात किंचाळली की सगळंच मुसळ केरात!