गिटमधल्या बदलांचं वर्णन: आज्ञेचं आउटपुट वाचावं की पायगिट2 घ्यावं?

टिळकवाडी:
बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दुकानांसाठी बिलिंग लिहायचं म्हटलं की एकाच रेपोत (गिट जिथं फायली आणि त्यांतले बदल नोंदून ठेवतं, त्या साठ्यात) मराठी आणि कन्नड नावांच्या फायली येतातच. अशा रेपोत पुशनंतर (बदल सर्व्हरवर पाठवल्यावर) ‘काय बदललं’ हे लिहून देणारी पायथन स्क्रिप्ट गिटचं आउटपुट चिरून करू नये, असं माझं ठाम मत आहे. ‘दर’ नावाची फाइल नेम-स्टेटसमध्ये (कुठली फाइल कशी बदलली, या गिटच्या यादीत) "\340\244\246\340\244\260" अशी छापली जाते. कोअर.कोटपाथ ही गिटची सेटिंग मुळातच चालू असते, त्यामुळं ॲस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट अष्टमान आकड्यात येतो. दोन अक्षरं, सहा बाइट, सहा आकडे. पायगिट2 हे बाइंडिंग, म्हणजे सी लायब्ररी पायथनमधून वापरायचा दुवा; ते थेट लिबगिट2 या सी लायब्ररीशी बोलतं. डेल्टाच्या (एका फाइलीच्या बदलाच्या नोंदीच्या) न्यू_फाइलचा पाथ मागा, ‘दर’ मिळतं.

खानापूर:
एवढ्यासाठी बाइंडिंग कशाला हो? ‘गिट डिफ-ट्री -आर -एम -झेड --नेम-स्टेटस’ चालवा. -झेड दिलं की नाव जसंच्या तसं येतं आणि मागं नल बाइट (शेवट दाखवणारा शून्य बाइट). फक्त टॅबवर तोडणारा जुना कोड तसाच ठेवू नका, इथं टॅब उरतच नाही. नाव बदललेल्या फाइलीला तीन तुकडे येतात: आर100 (नाव बदललं, मजकूर शंभर टक्के तोच), जुनं नाव, नवं नाव. बाकीच्यांना दोनच. हे विसरलं की पुढची सगळी यादी एक घर सरकते आणि स्क्रिप्ट चूक न दाखवता खोटं वर्णन लिहिते.

उलट पायगिट2 मध्ये डिफ (दोन अवस्थांमधला फरक) काढून फाइंड_सिमिलर बोलावलं नाही, तर नाव बदलणं दिसतच नाही. एक डी, एक ए. दुकानदाराला ‘दर काढली, भाव घातली’ असं कळवणार का?

टिळकवाडी:
ती एक ओळ लिहायचीच, मान्य. पण तुमच्या डिफ-ट्रीला पहिली कमिट (बदलांची एक नोंद) दिली तर --रूटशिवाय काहीच छापत नाही आणि मर्ज कमिटवरही (दोन शाखा जोडणाऱ्या नोंदीवर) गप्प बसते. बाइंडिंगमध्ये कोणत्या पालकाशी (आधीच्या कमिटशी) तुलना करायची ते तुम्हालाच लिहावं लागतं, म्हणून विसरायला जागा नाही. पहिल्या कमिटला डिफ_टू_ट्री रिकाम्या ट्रीशी (फायलींच्या रिकाम्या यादीशी) करा, स्वॅप खरं ठेवा; नाहीतर घातलेल्या सगळ्या ओळी काढलेल्या दिसतात.

शिवाय दर कमिटला नवी प्रोसेस किती वेळ उघडणार?

खानापूर:
एकच. डिफ-ट्रीला --स्टडइन आहे की, एकाच प्रोसेसला एकेक कमिट आत देत राहायची. मात्र सगळ्या कमिट आधी लिहून मग वाचायला बसू नका. लिनक्सवर पाइपचा बफर साधारण 64 किलोबाइटचा. तो भरला की दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत अडकतात. लिहिणं वेगळ्या थ्रेडवर टाका.

निपाणी:
दोघांनीही सर्व्हरचा मुद्दा सोडलाय. स्क्रिप्ट प्री-रिसीव्ह हुकमध्ये (पुश स्वीकारण्याआधी सर्व्हरवर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) लावणार असाल तर गिट 2.11 पासून नव्या वस्तू आधी क्वारंटाइनच्या (पुश मान्य होईपर्यंत वेगळ्या ठेवलेल्या) डिरेक्टरीत उतरतात. गिटच्या आज्ञेला त्यांचा पत्ता एन्व्हायर्नमेंटमधून मिळतो. पायगिट2 नं नुसता पाथ देऊन रेपो उघडला तर नवी कमिट सापडत नाही. इथं मी खानापूरकरांच्या बाजूनं. हुकला स्टडइनवर जुना हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक), नवा हॅश, रेफ (शाखेचं नाव) येतं; नवी शाखा असेल तर जुन्याच्या जागी 40 शून्यं. ती आधी तपासा.

गिटपायथनला बाइंडिंग समजू नका, ते आतून गिटचीच आज्ञा चालवतं.

टिळकवाडी:
हुकसाठी मान्य, तिथं आज्ञाच बरी. पण ओळींच्या आतलं वर्णन करायचं असेल, कुठल्या हंकमध्ये (बदललेल्या ओळींच्या गटात) किती ओळी घातल्या वगैरे, तर पॅच, हंक, ओळ अशा तयार वस्तू सोडून प्लस-मायनस मोजत बसणं मला पटत नाही. फक्त पॅचचं टेक्स्ट न घेता डेटा घ्या, म्हणजे कच्चे बाइट मिळतात. आपल्याकडं जुने मराठी मजकूर श्रीलिपीत नि कन्नड नुडीच्या जुन्या फाँटात पडलेत. ते यूटीएफ-8 मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) नाहीत.

निपाणी:
आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द बघा. एकजण ‘ऱ’ हे अक्षर टाइप करतो, दुसरा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). पडद्यावर दोन्ही ओळी एकसारख्या, वर्णनात मात्र एक काढलेली, एक घातलेली. एनएफसी (युनिकोड मजकूर एका ठरावीक रूपात आणणं) केलं तरी ही जोडी एक होत नाही. ते फक्त र आणि नुक्ता (खालचा ठिपका) जोडून ऱ करतं. तुलनेआधी हा बदल स्क्रिप्टमध्ये हातानंच लिहावा लागतो, आज्ञा घ्या नाहीतर बाइंडिंग.