संक्रांतीच्या हळदीकुंकवात तेल-तुपाची माहिती कशी द्यावी? (इंदूर)

लोकमान्यनगरकर:
नमस्कार. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला साठेक बायका येतात. यंदा रोजच्या तेल-तुपावर काही करायचं ठरतंय. गेल्या वर्षी व्याख्यान ठेवलं होतं. 'तेल कमी खा' ऐकून सगळ्या घरी गेल्या, पण कमी म्हणजे किती, ते कुणालाच कळलं नाही. काय सुचवाल?

सुदामानगरची सून:
ताई, व्याख्यान नको, वाटी-चमचा ठेवा. सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीनंतर आम्हाला कागदावर 'तेल-तूप बंद' एवढंच लिहून मिळालं. आम्ही खरंच बंद केलं. तीन महिने बिनफोडणीचं वरण. अण्णांची जेवणावरची वासनाच उडाली. पुढे एका आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की मेद थोडं लागतंच, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं त्याशिवाय अंगी लागत नाहीत. बघायचं ते माप आणि प्रकार. संपृक्त मेदातून, म्हणजे तूप-लोण्यात जास्त असतं त्या मेदातून, दिवसाच्या १० टक्क्यांहून कमी उष्मांक यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००० कॅलरी धरल्या तर साधारण २२ ग्रॅम. मोठा चमचाभर तुपातच त्यातले ८-९ ग्रॅम संपतात. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं!

तेव्हापासून मी तेलाच्या डब्यावर उघडल्याची तारीख लिहिते. संपला की भागिले दिवस, भागिले माणसं. पहिल्यांदा हिशेब केला तेव्हा विश्वास बसेना, परत मांडून पाहिला.

आणि सेव नक्की ठेवा. आपले पोहे वाफेवरचे, त्यात तेल बेताचंच. खरं तेल वरच्या मूठभर सेवेत. पाकिटामागचा मेदाचा आकडा एकीला मोठ्याने वाचायला सांगा आणि तेवढं तेल तिच्याच हातून काचेच्या वाटीत ओतवा.

फरसाणवाला:
तळणाचंही सांगा. ध्रुवीय घटक, म्हणजे तेल परत परत तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेलेलं तेल वापरायचं नाही, असा २०१८ पासून नियम आहे. घरी यंत्र नसतं, पण तेल काळं, चिकट झालं, फेस धरू लागलं की टाकावं. वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची (हृदयाला घातक मेदाची) मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे, तरी लेबल वाचायची सवय लावा.

रामबागचे आजोबा:
वाण म्हणून मापाचे चमचेच लुटा. ५ मिलीचा आणि १५ मिलीचा.

लोकमान्यनगरकर:
आजोबा, ठरलं! उद्याच बर्तन बाजारात साठ जोड्यांची चौकशी करते. सेव तोलायला छोटा काटा कुणाकडे असेल तर कळवा.