मदत हवी आहे: आईच्या खांद्यासाठी अ‍ॅक्युपंक्चर (डोंबिवली-ठाणे)

डोंबिवलीकर:
आईचा (वय 63) उजवा खांदा पार धरलाय. हात वर जात नाही, पाठीमागे तर मुळीच नाही. वेणी वहिनी घालून देते. रात्री त्या कुशीवर वळली की कळ येते आणि सगळं घर जागं होतं. डॉक्टर पेनकिलर द्यायला तयार नाहीत, नुसतं शेका म्हणतात. घराजवळ एक अ‍ॅक्युपंक्चरचं सेंटर आहे. तिथल्या माणसाने 12 सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, सगळे पैसे आधी भरले तर सूट. शनिवारपर्यंत कळवायचंय. प्रश्न दोनच: याने खांदा सुटतो का? आणि ठाण्यापर्यंत कोणी खात्रीचं माहीत आहे का? अनुभव असेल तरच लिहा प्लीज.

रानजाई:
मी मानेसाठी घेतलंय, नाशिकला. इंजेक्शनसारखं दुखत नाही. सुई केसासारखी बारीक असते, आत गेल्यावर जरा जडपणा आणि मुंग्या येतात. मला फरक पडला. आईंना उपाशीपोटी नेऊ नका. माझ्या शेजारच्या खुर्चीतले काका चतुर्थीचा उपास करून आले होते, तिसऱ्या सुईला घेरी येऊन खालीच घसरले. पहिल्या वेळी आडवं झोपवूनच करायला सांगा.

तळेगावकर:
सुया कशाला? सुजोक करा. बोटाच्या ठरावीक पेरावर मेथीदाणे ठेवून वरून चिकटपट्टी लावायची, रात्रभर ठेवायची. माझ्या मिसेसची टाचदुखी गेली. खर्च शून्य. पॉइंटचा तक्ता हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खवचट:
खांदा विचारला, टाच मिळाली. उरलेली मेथी भाजीत घालावी.

फिजिओ_मी:
डोंबिवलीकर, सेंटरचं नंतर बघू. आधी हे सांगा: कधीपासून आहे? पडल्या होत्या का? एक्स-रे काढला का? शुगर आहे का? दुसऱ्याने हात धरून उचलला तरी अडतो का? आणि पेनकिलर *का* देत नाहीत? यातलं शेवटचं आधी सांगा.

डोंबिवलीकर:
दिवाळीपासून. पडली नाही. एक्स-रे नॉर्मल. शुगर बॉर्डरवर. हो, दुसऱ्याने उचलला तरी अडतो. पेनकिलर तिच्या बाकीच्या गोळ्यांमुळे नाही म्हणतात. पण माझा प्रश्न सेंटरचा आहे हो.

फिजिओ_मी:
बाकीच्या कुठल्या गोळ्या?

खवचट:
तोवर मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. जर्मनीत 2007 साली कंबरदुखीच्या 1162 पेशंटवर मोठी चाचणी झाली. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने 47.6 टक्के लोकांना आराम, खोट्याने, म्हणजे भलत्याच जागी वरवर सुया टोचून, 44.2 टक्के. म्हणजे पॉइंट कुठला याने काहीही फरक पडत नाही. त्या रंगीत तक्त्यांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

निरामय:
अर्धीच आकडेवारी देऊ नका. त्याच चाचणीत नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, व्यायाम वगैरे घेणाऱ्यांत 27.4 टक्के होते. पेशंटला आराम पडल्याशी मतलब. हजारो वर्षांचं शास्त्र आहे.

खवचट:
जळवा लावणंही जुनंच आहे. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय.

निरामय:
आणि त्याच नाइसने 2021 मध्ये जुनाट प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे दुसऱ्या आजाराने नीट उलगडा न होणाऱ्या दुखण्यासाठी, अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करा असं लिहिलंय, ते सोयीने गाळलंत.

रानजाई:
तुमचं दोघांचं कंबरेवर चाललंय. त्यांच्या आईचा खांदा दुखतोय.

सोलापुरी:
अ‍ॅक्युपंक्चर भारतात आमच्या डॉ. कोटणीसांनी आणलं, हे किती जणांना माहीत आहे?

खवचट:
कोटणीस सर्जन होते. 1938 च्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि 1942 मध्ये तिकडेच वारले. अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले ते त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू, तेही 1950 च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले तेव्हा.

सोलापुरी:
बरं. पण पथकात होते ना सोलापूरचे? मग झालं.

डोंबिवलीकर:
धागा भरकटतोय. गोळ्या: बीपीची एक, आणि रक्त पातळ ठेवायची असिट्रोम. 2014 ला हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय, मेटलचा. तब्येत ठणठणीत आहे त्या बाबतीत. सेंटरवाल्याने यातलं काही विचारलं नाही, त्यामुळे लिहिलं नव्हतं.

निरामय:
त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सिटिंगच्या आधी दोन दिवस रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवायची. आमच्या वडिलांनी दात काढताना तसंच केलं होतं.

फिजिओ_मी:
निरामय, हे कृपा करून खोडा. कुणी वाचून तसं केलं तर जीवावर बेतेल. मेटलच्या व्हॉल्व्हवर गोळी बंद केली की गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली की पक्षाघात. सुयांसाठी असिट्रोम एक दिवसही बंद करायची नाही. तुमच्या वडिलांची गोळी वेगळी असेल, कारणही वेगळं असेल.

डोंबिवलीकर, डॉक्टर हात आखडता का घेतायत ते आता कळलं. असिट्रोमवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

रक्त पातळ असणाऱ्यांना अ‍ॅक्युपंक्चर चालतच नाही असं नाही. पण आधी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी टेस्ट) बघायचा आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. त्यांनी हो म्हटलं तर सुया कमी आणि वरवर, काढल्यावर प्रत्येक जागा दाबून धरायची. आयएनआर वर गेलेला असताना खोल सुई घातली तर स्नायूत रक्त साकळतं आणि आहे त्याहून जास्त दुखतं. कानात चिकटपट्टीखाली दिवसेंदिवस ठेवतात त्या सुया त्यांना नकोच. तिथून जंतू रक्तात गेले तर कृत्रिम व्हॉल्व्ह धरतात.

खांद्याच्या वरच्या मांसल भागाखाली, मान आणि खांदा मिळतात तिथे, फुप्फुसाचं टोक अगदी जवळ असतं. चुकीच्या दिशेने खोल गेलं तर फुप्फुसाला भोक पडतं. क्वचित होतं, पण होतं. सिटिंगनंतर छातीत कळ किंवा धाप लागली तर घरी थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

रानजाई:
यात माझीही भर. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, 2015 चा, आणि कौन्सिलही आहे. सेंटरवाल्याला सरळ नोंदणी क्रमांक विचारा. भिंतीवरची सर्टिफिकेटं दोन दिवसांच्या वर्कशॉपचीही असतात. सुयांचं सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे, वापरलेल्या सुया डब्यात टाकल्या पाहिजेत. "तुमच्या नावाची वेगळी डबी ठेवतो, पुन्हा त्याच वापरू" असं कुणी म्हणालं तर चपला घालायच्या. आणि 12 चे पैसे आधी कशाला? चार-पाच सिटिंगमध्ये काहीच फरक नसेल तर थांबता आलं पाहिजे.

घरचा_वैद्य:
निर्गुंडीच्या तेलाने मालिश, सोबत हळदीच्या कॅप्सूल. पंधरा दिवसांत फरक.

फिजिओ_मी:
तेल लावा हवं तर, पण जोरात रगडू नका. हळदीच्या कॅप्सूल असिट्रोमसोबत नकोत. वरणातली चिमूटभर हळद वेगळी, कॅप्सूलमधला अर्क वेगळा. आणि डोंबिवलीकर, आई मेडिकलमधून परस्पर काही आणून घेत नाहीत ना? गोड बोलून विचारा.

डोंबिवलीकर:
विचारलं. आधी नाही म्हणाली. मग वहिनीला शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली, डायक्लोफिनॅकची स्ट्रिप सापडली. सहा गोळ्या संपलेल्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दिली, "माझा गुडघा याच्यानेच थांबतो" म्हणून.

फिजिओ_मी:
ती आजच बंद. शी काळी होतेय का, हिरड्यांतून रक्त येतंय का, अंगावर निळे डाग आहेत का, ते बघा. यातलं काही असेल तर आजच डॉक्टरांकडे. नसेल तरी उद्या सकाळी आयएनआर द्या आणि गोळ्या घेतल्याचं डॉक्टरांना सांगा. आईंना ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी डबा बदलेल.

डोंबिवलीकर:
आयएनआर 4.1 आला, म्हणजे चढलेला. रक्तस्राव नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी डोस बदलून दिलाय, पुढच्या आठवड्यात परत टेस्ट. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल लिहून दिली, तीही मोजूनच, रोज जास्त घेतली तर आयएनआर चढतो म्हणाले. सुयांचं आयएनआर जागेवर आल्यावर बघू म्हणाले. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितलं, शुगरमुळे जास्त होतं म्हणे, पूर्ण सुटायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. सेंटरवाल्याकडे नोंदणी क्रमांक मागितला. "व्हॉट्सअ‍ॅप करतो" म्हणाला, अजून आलेला नाही. सूट मात्र सोमवारपर्यंत वाढवलीय.

डोंबिवली पूर्वेला घरी येणारी फिजिओ कोणी आहे का? बाई असेल तर बरं, आई पुरुषाकडून करून घेणार नाही.

तळेगावकर:
बोटाला चिकटवलेल्या मेथीदाण्याने रक्त पातळ होत नाही, एवढंच नमूद करतो.

फिजिओ_मी:
डोंबिवलीकर, माझी बॅचमेट पूर्वेलाच आहे, व्यनि केलाय. तिला पहिल्याच फोनवर असिट्रोमचं सांगा.