मुलांच्या लाकूडकामाला शेवटचा हात कशाचा द्यावा?

करवतवाली
साताऱ्यात घराच्या पडवीत दिवाळीच्या सुट्टीत मुलांना लाकूडकाम शिकवते. अकरा जण आहेत, वय आठ ते बारा. गाड्या, पेन्सिलींचे डबे, दोघींचं लाटणं. लाकूड म्हणजे पाइनच्या खोक्यांच्या फळ्या आणि सुताराकडचे सागाचे तुकडे. गेल्या वर्षी मेलामाईन (थिनरमध्ये कालवायचं लाकडाचं पॉलिश) आणलं होतं. थिनरच्या वासाने दोघांचं डोकं धरलं, एकीचे डोळे चुरचुरले. शेवटी सगळ्यांना अंगणात पिटाळून उरलेल्या गाड्या मीच रंगवल्या. मुलं हिरमुसली ती वेगळीच.

यंदा काय लावू? एकाची बहीण दहा महिन्यांची आहे, गाडी तिच्या तोंडात जाणारच. एक आई म्हणाली खोबरेल लावा. मुलांना मात्र लालभडक रंग हवाय. माळ्यावर ऑइलपेंटचा जुना लाल डबा आहे, चालेल का?

वरवंटा
खोबरेल नको. आमच्या पोळपाटाला लावलं होतं, वाळलंच नाही. वर धूळ बसली आणि महिनाभराने खवट वास सुटला.

लाखदाणा
ताई, वस्तू कोणाच्या तोंडात जाणार हा तुमचा प्रश्न बरोबरच आहे. माझा त्याआधीचा प्रश्न असा, की लावणार कोण? थिनर शेवटी उडूनच जातं. पण उडताना त्याच्यासमोर बसलेली असतात तुमची मुलं. आणि ती लावणार नसतील तर वस्तू अर्धी त्यांची, अर्धी तुमची.

माझे वडील सावंतवाडीकडे फर्निचरला पॉलिश मारायचे. मी तेच शिकलो, आता कुडाळला मुलांना शिकवतो. माझ्याकडे दोनच बाटल्या असतात.

पहिली जवसाची, आमच्याकडे अळशी म्हणतात. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून खोबरेलासारखं चिकट राहत नाही. पण रंगाच्या दुकानातलं डबल बॉईल्ड घेऊ नका. ते लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीजसारख्या धातूंचे क्षार घालतात. घाण्यावरचं, खायचं तेल आणा. वाळायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे गाड्या सुट्टी संपल्यावरच घरी जातील, हे पालकांना आधी सांगून ठेवा. मी चार भाग तेलात एक भाग मधमाशांचं मेण घालतो. पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात डबा धरून वितळवायचं, थेट आचेवर नाही. थंड झालं की लोण्यासारखं होतं. जुन्या गंजीच्या तुकड्याने पोरं ते चोळत बसतात. पहिल्यांदा लाकडाच्या रेषा गडद होताना बघून एक पोरगी मला म्हणाली, "सर, हे आत होतं?" थिनर लावून हे ऐकायला मिळत नाही.

आता चिंध्यांचं. एकदा तेलाच्या चिंध्या चुरगाळून प्लास्टिकच्या बादलीत टाकल्या आणि जेवायला गेलो. परत आलो तर बादली गरम, धुराचा वास. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेल्या कापडात ती अडकून राहते. तेव्हापासून प्रत्येक चिंधी बाहेर दोरीवर, एकेक सुटी. नाहीतर पाण्यात बुडवून.

दुसरी बाटली लाखेची. 100 मिली स्पिरिटमध्ये 12 ग्रॅम लाखदाणा, काचेच्या बाटलीत रात्रभर. सकाळी फडक्याने गाळायचं. पातळच बरं. अर्ध्या तासात हात वाळतो, तीन हात पुरतात. लाख म्हणजे किड्याची राळ, औषधाच्या गोळ्यांवर चमक आणायलाही तीच वापरतात. आमच्याकडच्या गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, पानांनाही लाखेचाच हात. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला, लाकडी खेळण्यांच्या गावी, तर कुंचाच नसतो. चरकावर (लाकूड गरगर फिरवणारं यंत्र) फिरत्या खेळण्याला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने ती वितळून चढते, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणतात.

स्पिरिट मात्र विषारी असतं आणि पेट घेतं. बाटली मोठ्यांच्या ताब्यात, काम उघड्यावर, जवळ दिवा-पणती नको (दिवाळी आहे म्हणून मुद्दाम सांगतो). पावसाळी हवेत लाख पांढरट पडते. आणि लाखेवर सॅनिटायझर सांडलं तर पॉलिश गेलंच, तेही स्पिरिटच.

लाल रंगासाठी पोस्टर कलर. तो पूर्ण वाळू द्या, मग वर लाख. मी एकदा नैसर्गिक म्हणून हळद लावून वर लाख मारली. हळद स्पिरिटमध्ये विरघळते हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. पिवळी गाडी, पिवळी चाकं, पिवळा मी.

माळ्यावरचा डबा तिथेच राहू दे. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम 2016 चा, लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. त्याआधीच्या लाल-पिवळ्या ऑइलपेंटचा भरवसा धरू नका. त्यावर पॉलिशपेपर तर अजिबात नाही.

बदलापूरचा
खोक्यांवरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे नुसतं तापवलेलं, चालेल. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, मुलांच्या हातात देऊ नका.

करवतवाली
शिक्का पाहिला, एचटी आहे. पाइनच्या तुकड्यावर तेल-मेण लावून बघितलं तर कुठे गडद, कुठे फिकं, डागाळल्यासारखं दिसतंय. चुकलं का?

लाखदाणा
पाइन तसंच पितं. आधी ओलं फडकं फिरवा, तंतू उभे राहतील. वाळल्यावर 220 नंबरचा पेपर मारा. थोडा फरक पडेल, पण डाग पूर्ण जाणार नाहीत. पाइनच्या गाड्यांना सरळ पोस्टर कलर आणि लाख, सागाच्या डब्यांना तेल-मेण. सागात मुळातच तेल असतं, म्हणून पातळ लावा आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा.

करवतवाली
आणि लाटण्याला?

लाखदाणा
त्याला काहीच नको. नुसतं घासून गुळगुळीत करून द्या. पोळ्या लाटून लाटून तेल मुरेल.