चिरकं डिस्टॉर्शन आणि दुहेरी गिटार

मिरजेच्या दादांनी विचारलंय की गिटारचा प्रोसेसर (इफेक्ट देणारं यंत्र) ऑडिओ इंटरफेसला (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं उपकरण) जोडला की डिस्टॉर्शन (गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज) चिरकं येतं आणि हेडफोनमध्ये गिटार दोनदा ऐकू येते.

चिरकेपणासाठी आधी प्रोसेसरमधलं कॅबिनेट सिम्युलेशन (गिटारच्या स्पीकरची नक्कल) चालू आहे का ते बघा. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने खाली आणतो. सिम्युलेशन बंद असेल तर ती सगळी किरकिर थेट रेकॉर्ड होते. प्रोसेसरचं आउटपुट सेटिंग 'अँप'वर असेल तर 'लाइन'वर न्या. इंटरफेसवरचं 'इन्स्ट्रुमेंट' बटणही बंद करा. प्रोसेसरमधून सिग्नल मोठा येतो, त्या बटणाने तो लगेच फाटतो. सर्वांत जोरात वाजवल्यावर मीटर उणे १० डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकच केबल असेल तर 'लेफ्ट/मोनो'लाच लावा, नाहीतर स्टिरिओ डिलेचा अर्धा भाग गायब.

दुहेरी आवाज म्हणजे डायरेक्ट मॉनिटर (इंटरफेसमधून थेट ऐकू येणारा आवाज) आणि सॉफ्टवेअरमधलं ट्रॅक मॉनिटरिंग (कॉम्प्युटरमधून फिरून येणारा तोच आवाज) दोन्ही चालू. ट्रॅकचं बंद करा. इफेक्ट प्रोसेसरच देतोय, आणि तुम्ही तो थेट ऐकताय, त्यामुळे सॉफ्टवेअरचा बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) २५६ सॅम्पल ठेवला तरी वाजवताना उशीर जाणवणार नाही.

प्रोसेसर यूएसबीवरून कोरा (इफेक्टविना) सिग्नल वेगळ्या चॅनलवर देत असेल, तर तोही रेकॉर्ड कराच. टोन पुढे पटला नाही तर त्या कोऱ्या सिग्नलवर नवे इफेक्ट लावता येतात, पुन्हा वाजवावं लागत नाही.

गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेलीत. सगळं एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिली तर प्रोसेसर आणि इंटरफेसच्या मधल्या केबलवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, जिवावर बेतेल.