मदत हवी आहे : मोठीआईला योनीमुखाचा पॅजेट (कातडीचा एक कॅन्सर) निघाला, आधी काय करू?

यवतमाळकडच्या खेड्यातून लिहितेय. मोठीआई साठीच्या पुढची. खालच्या जागेला खाज आणि लाल चट्टा, वर पांढरट पापुद्रा. गजकर्ण समजून मलमं झाली. लावलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. घरात कोणाला बोलली नाही. कापूस वेचताना खाली बसता येईना, तेव्हा आशाताईच्या लक्षात आलं. तालुक्याच्या मॅडमनी तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट : एक्स्ट्रामॅमरी (स्तनाबाहेरचा) पॅजेट्स डिसीज, सीके ७ (पेशी ओळखायची एक खूण) पॉझिटिव्ह.

एक सर्जन लगेच ऑपरेशन करू म्हणतात. मोठेबाबा म्हणून राहिले, या वयात चिरफाड कशाला. शिवाय कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतडं तपासणं) लिहून दिली आहे. दुखणं पुढं, आतडं कशाला बघायचं?

उत्तर १
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तपासणीच्या काचांसोबत मेणाचा ब्लॉकही (त्यात काढलेला तुकडा बसवलेला असतो) मागून घ्या, मोठ्या केंद्रात तो पुन्हा तपासतात. मेलानोमाच्या (रंगपेशींच्या कॅन्सरच्या) पेशी कधी कधी अशाच दिसतात, म्हणून एस१०० ही खूण तपासली का ते बघा. आतड्याचा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर तिथल्या कातडीत पसरूनही असाच चट्टा येतो, त्यासाठी सीके २० ही खूणही बघा. कोलोनोस्कोपी त्यासाठीच, टाळू नका.

उत्तर २
माझ्या सासूबाईंना हेच होतं. डॉक्टरांना पहिलं विचारा, रोग वरच्या थरातच आहे की खाली उतरलाय? वरच्या थरात असेल तर तो सहसा सावकाश वाढतो, दुसरं मत घ्यायला सवड मिळते. उतरला असेल तर जांघेतल्या गाठीही बघाव्या लागतात. डोळ्यांना दिसतो त्याच्या बाहेरही तो असतो, त्यामुळे कापूनही पुन्हा उगवू शकतो. काहींना इमिक्विमोड मलम देतात. सासूबाईंची आग आग व्हायची, पण चट्टा ओसरला. तपासणी मात्र वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते.

नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था बघा. रेशनकार्ड, आधार सोबत न्या. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते भरती व्हायच्या आधीच आरोग्यमित्राला विचारा. आणि मोठेबाबांना सांगा, साठी म्हणजे काही फार वय नाही.

धागाकर्ती
रिपोर्टात एस१०० निगेटिव्ह आहे, सीके २० चा उल्लेखच नाही. ब्लॉक मागितलाय, लॅबवाले अर्ज द्या म्हणतात. अर्जात नेमकं काय लिहू?